ग्रीकांचे देव आणि श्रमाचा प्रश्न



कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने या व्यासपीठावर बोनस, महागाई भत्ता किंवा कंत्राटी पद्धत यांवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. ग्रीकांच्या देवांशी युनियनवाल्याचा संबंध काय, असे पत्रिका वाचून कुणाच्या मनात आले असेल, तर त्यात नवल नाही. माझे शाळेतले शिक्षण थोडे झाले. पुढे जे वाचले ते पाळी सुटल्यावर, संघटनेच्या कचेरीत, शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. ग्रीक भाषा मला येत नाही. इंग्रजी भाषांतरांवर भागवले आहे. पण अशा वाचनाचा एक फायदा असतो. पंडित ज्या प्रश्नाने पोथी उघडतो, त्या प्रश्नाने आपण ती उघडत नाही. मी कोणतेही पुराण हातात घेतले की विचारतो, यात काम कोण करतो, आणि त्याला त्याचे काय मिळते? आज ग्रीकांच्या सृष्टिकथेला आपण हाच प्रश्न विचारू या.

आधी साधने कोणती ते सांगतो. ग्रीकांजवळ सर्वांना बंधनकारक असा एकच धर्मग्रंथ नव्हता. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला इतिहासकार हिरोडोटस म्हणतो, की देवांच्या वंशावळी, त्यांची बिरुदे आणि त्यांची खाती ग्रीकांना दोन कवींनी ठरवून दिली: एक होमर आणि दुसरा हेसिअड. होमर एक होता की अनेक, यावर विद्वानांचा वाद आहे. हेसिअड मात्र हाडामांसाचा माणूस म्हणून आपल्यापुढे उभा राहतो. काळ इसवी सनापूर्वी ७०० च्या आसपासचा. बाप आशिया मायनरच्या किनाऱ्यावरच्या कायमी गावचा. गलबतावर पोट भरीना म्हणून समुद्र ओलांडून बिओशिया प्रांतात, हेलिकॉन डोंगराच्या पायथ्याशी ॲस्क्रा नावाच्या खेड्यात येऊन राहिला. त्या खेड्याबद्दल मुलगा लिहितो, की हिवाळ्यात वाईट, उन्हाळ्यात हाल, आणि बरे म्हणावे असे कधीच नाही. हा हेसिअड त्या डोंगरावर मेंढरे राखीत असे. त्याची दोन काव्ये आपल्यापर्यंत आली आहेत. एक 'थिऑगनी', म्हणजे देवांची उत्पत्ती. सुमारे हजार ओळींचे. दुसरे 'कामे आणि दिवस'. आठशेच्या वर ओळींचे. एका काव्यात विश्व कसे झाले ते आहे आणि दुसऱ्यात नांगर कधी धरावा ते आहे. दोन्ही एकाच माणसाने लिहिली, हे विसरून चालणार नाही.

आता सृष्टीची उत्पत्ती ऐका. सर्वांच्या आधी झाले ते केऑस. आज आपण या शब्दाचा अर्थ गोंधळ असा करतो. मूळ अर्थ आहे जबडा पसरल्यासारखी पोकळी. मग झाली गीया, म्हणजे रुंद छातीची पृथ्वी. तिच्या तळाशी टार्टरस हा अंधारा पाताळलोक, आणि त्याबरोबर ईरॉस, म्हणजे ओढ, काम. केऑसपासून काळोख आणि रात्र झाली, आणि रात्रीच्या पोटी दिवस आला. पृथ्वीने पुरुषाच्या संगतीवाचून आकाश, डोंगर आणि समुद्र यांना जन्म दिला.

इथे थांबून एक गोष्ट ध्यानात घ्या. या कथेत कुणी देव बसून जग घडवीत नाही. जग आधी आहे आणि देव त्याच्यातून जन्मतात. ज्याला आपण ग्रीकांचा देवराज म्हणतो तो झ्यूस तर नातवंडांच्या पिढीतला. हा झ्यूस आपल्याला अगदी परकाही नाही. ऋग्वेदातला द्यौष्पितर, ग्रीकांचा झ्यूस पातेर आणि रोमनांचा ज्युपिटर ही एकाच जुन्या शब्दाची तीन रूपे आहेत, यावर भाषाशास्त्रज्ञांचे एकमत आहे. आपल्याकडे तो मागे पडला, तिकडे सिंहासनावर बसला. आपल्या नासदीय सूक्ताचा कवी सृष्टी कुठून आली असे विचारतो आणि प्रश्नावरच थांबतो. हेसिअड प्रश्नावर थांबत नाही, वंशावळ सांगतो. शेतकऱ्याला जमीन कुणाकडून कुणाकडे आली याची नोंद लागते. याने विश्वाचाच सातबारा लिहून काढला.

आणि या सातबाऱ्यावर नावे दोनदा बदलली आहेत. पहिला मालक युरेनस, म्हणजे आकाश. पृथ्वीला त्याच्यापासून बारा टायटन झाले, एका डोळ्याचे तीन सायक्लॉप्स झाले, आणि शंभर हातांचे व पन्नास डोक्यांचे तिघे झाले. बापाला पोरांचा तिटकारा. तो त्यांना उजेडात येऊ देईना. आईच्याच पोटात कोंडून ठेवी. त्या भाराने ती कण्हू लागली. तिने कठीण धातूचा विळा घडवला आणि मुलांना विचारले, कोण पुढे येतो? सगळे भयाने गप्प. एकटा धाकटा क्रोनस उठला आणि त्याने त्या विळ्याने बापाचे पुरुषत्व कापले. पुढे हा क्रोनसच मालक झाला आणि बापाच्या वरताण निघाला. आपलेही पोर आपल्याला उलथून टाकील या धास्तीने तो जन्मलेले प्रत्येक मूल गिळू लागला. पाच गिळली. सहाव्या वेळी त्याची बायको ऱ्हीया हिने झ्यूसला क्रीट बेटावर लपवले आणि नवऱ्याच्या हाती दुपट्यात गुंडाळलेला धोंडा दिला. पुढे क्रोनसने तो धोंडा ओकला. तो डेल्फीला ठेवलेला होता, आणि इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनिअस नावाच्या प्रवाशाने तो स्वतः पाहिला. लोक त्याला रोज तेल घालीत, असे त्याने लिहून ठेवले आहे.

ही कथा ग्रीकांनीच रचली असे समजू नका. आजच्या तुर्कस्तानात हित्ती लोकांची राजधानी होती. तिथल्या मातीच्या विटा विसाव्या शतकात वाचल्या गेल्या. हेसिअडच्या सुमारे पाचशे वर्षे आधीच्या त्या मजकुरात अनु या आकाशदेवाचे पुरुषत्व कुमार्बी दातांनी तोडतो, आणि त्या कुमार्बीला पुढे पर्जन्यदेव हटवतो. कथा व्यापाऱ्यांच्या आणि कारागिरांच्या पावलांनी पश्चिमेकडे चालत गेली असली पाहिजे.

आता झ्यूस जिंकला कसा, ते पाहा. संघटना बांधणाऱ्याने हा भाग दोनदा वाचावा. झ्यूस आणि त्याची भावंडे ऑलिंपसवर, टायटन समोरच्या डोंगरावर; दहा वर्षे लढाई झाली, निकाल लागेना. नुसत्या शौर्याने काम होत नाही हे झ्यूसला कळले, आणि त्याने तीन गोष्टी केल्या. पहिली, बापाच्या आणि आजाच्या राज्यात कोंडले गेलेल्यांना त्याने सोडवले. सायक्लॉप्स हे कारागीर. त्यांनी उपकाराची फेड म्हणून मेघगर्जना आणि वज्र घडवून दिले. दुसरी गोष्ट, शंभर हातांच्या तिघांना नुसते मोकळे करून तो थांबला नाही. त्यांना आपल्या पंगतीला बसवून देवांचे अन्नपेय दिले, आणि मग मदत मागितली. तिसरी गोष्ट, त्याने जाहीर शब्द दिला, की जो माझ्या बाजूने येईल त्याचा मान काढून घेणार नाही, आणि क्रोनसच्या राज्यात ज्याला मान नव्हता त्याला तो मिळेल. सर्वांत आधी स्टिक्स ही नदी आपली मुले घेऊन आली. त्या मुलांची नावे होती उमेद, विजय, सत्ता आणि बळ. मग ते तीनशे हात चालले, तीनशे धोंड्यांचा एकदम वर्षाव झाला, आणि टायटन पाताळात गेले.

म्हणजे झ्यूसचे राज्य अनादी नाही आणि ते त्याने एकट्याने कमावलेलेही नाही. दडपलेल्यांचे हात आणि कारागिरांची हत्यारे यांवर ते उभे आहे. पण जिंकल्यावर काय झाले? खाती वाटली गेली. होमर सांगतो, की तीन भावांनी चिठ्ठ्या टाकल्या. झ्यूसला आकाश, पोसायडनला समुद्र आणि हेडीसला पाताळ मिळाले, आणि पृथ्वी व ऑलिंपस सर्वांचे सामाईक राहिले. पुढे झ्यूस हुकूम सोडू लागला तेव्हा पोसायडनने त्याला हा करार ऐकवला आहे. आणि ते शंभर हातांचे? त्यांना टार्टरसच्या दाराशी पहारेकरी नेमले. ज्या अंधारातून सुटले त्याच अंधाराच्या वेशीवर नोकरी! ज्यांच्या हातांनी लढा जिंकला त्यांना नंतर कोणती जागा मिळते, हा प्रश्न सत्तावीसशे वर्षांपूर्वीचा आहे, एवढेच मी म्हणतो.

आता माझा मूळ प्रश्न: काम कोण करतो? होमरच्या देवांचे नेहमीचे वर्णन म्हणजे सुखाने जगणारे. माणसाच्या वाट्याला मात्र कष्ट. ते का? याला बाबिलोनच्या लोकांनी दिलेले उत्तर फार स्पष्ट आहे. 'अत्राहासिस' नावाचे त्यांचे काव्य इसवी सनापूर्वी सतराव्या शतकातल्या विटांवर मिळाले आहे. त्यात आरंभी माणूस नसतो, आणि धाकट्या देवांना कालवे खणावे लागतात. वर्षानुवर्षे खणून ते कंटाळतात, कुदळी आणि पाट्या जाळतात, आणि रात्री एन्लिल या मुख्य देवाच्या वाड्याला वेढा घालतात. एन्लिल विचारायला पाठवतो, चिथावणी देणारा कोण? उत्तर येते, आम्ही सर्वांनी मिळून हे केले आहे. श्रोतेहो, मालक कोणता प्रश्न विचारतो आणि कामगाराने कोणते उत्तर द्यावे, हे त्या विटेवर लिहून ठेवले आहे! शेवटी त्या देवांचे ओझे खरोखरच जड आहे असे थोरले देव मान्य करतात, एका देवाला मारून त्याचे रक्तमांस चिकणमातीत कालवतात, आणि माणूस घडवतात. कशासाठी? तर देवांचे ओझे वाहण्यासाठी.

ग्रीकांचे उत्तर निराळे आहे. हेसिअड म्हणतो, एके काळी माणसाला एका दिवसाच्या कामात वर्षाचे धान्य मिळे. मग मेकोनी येथे देव आणि माणसे यांच्यात बैलाच्या मांसाची वाटणी निघाली. प्रोमीथिअस या टायटनपुत्राने चांगले मांस कातड्याखाली दडवले आणि हाडे शुभ्र चरबीत गुंडाळून झ्यूसपुढे ठेवली. झ्यूस संतापला आणि त्याने माणसापासून विस्तव लपवला. प्रोमीथिअसने बडीशेपेच्या जातीच्या एका पोकळ दांड्यात तो चोरून आणला. त्याची शिक्षा म्हणून झ्यूसने पँडोरा ही पहिली स्त्री घडवून पाठवली, आणि तिने रांजणाचे झाकण उघडताच रोग, कष्ट आणि दुःखे जगात पसरली. तो रांजण होता, पेटी नव्हे. सोळाव्या शतकात इरॅस्मसच्या लॅटिन लेखनातून त्याची पेटी झाली. आत काठाखाली राहिली ती एक आशा.

ही कथा ऐकून दोन गोष्टी बोलल्यावाचून राहवत नाही. पहिली अशी, की कष्ट हे या कथेत माणसाच्या जन्माचे प्रयोजन नव्हे. ते वाटणीच्या भांडणातून, सूड म्हणून आले. वरच्याने उपजीविकेचे साधन लपवून ठेवले म्हणून खालच्याला राबावे लागते, हे हेसिअडने जवळजवळ याच अर्थाने सांगितले आहे. दुसरी अशी, की सर्व खापर बाईवर फोडले आहे. हेसिअड स्त्रियांना पोळ्यातल्या आयतखाऊ नरमाश्यांची उपमा देतो. पण त्याच ग्रीकांचे 'ओडिसी' उघडा. राजा ओडिसिअसच्या घरी बारा बाया जात्यावर पीठ दळीत आहेत. अकरा जणी काम उरकून झोपल्या. बारावी, सगळ्यांत अशक्त, तिचे दळण उरलेले. ती जाते थांबवते आणि झ्यूसला म्हणते, ज्यांच्या पंगतींसाठी दळता दळता माझे गुडघे मोडले, त्यांचे आजचे जेवण शेवटचे ठरो. त्याआधी आकाशात ढग नसता गडगडाट झालेला असतो. त्या बाईला कवीने नावही दिलेले नाही. पण तिची प्रार्थना खरी झाली. आपल्या जात्यावरच्या ओव्या ज्यांनी आईच्या तोंडून ऐकल्या आहेत त्यांना आयतखाऊ कोण, हे मी सांगायला नको.

देवांमध्ये घाम गाळणारा एकच आहे, हिफीस्टस हा लोहार. तोच लंगडा. एका कथेत व्यंग पाहून आईनेच त्याला ऑलिंपसवरून फेकले. दुसऱ्या कथेत आईची बाजू घेतली म्हणून झ्यूसने पायाला धरून भिरकावले, आणि तो दिवसभर पडत पडत लेम्नॉस बेटावर आदळला. देवांचे वाडे यानेच बांधले, अकिलीझची ढाल यानेच घडवली. पण हा पेला भरीत लंगडत फिरू लागला की सगळे देव पोट धरून हसतात. आणि हसतात केव्हा? 'इलियड'च्या पहिल्या सर्गात झ्यूस आणि हीरा यांचे भांडण विकोपाला जात असताना यानेच मध्ये पडून ते मिटवले, तेव्हा! ज्याच्या हातांवर सगळ्यांचे चालते त्याच्या चालीला हसायचे, ही रीत देवलोकातही होती. मात्र अथेन्सच्या कारागिरांनी त्याची किंमत ओळखली. बाजारचौकाच्या वर, लोहार-तांबटांच्या वस्तीजवळ, त्यांच्या नगराने हिफीस्टस आणि अथीना यांचे देऊळ उभारले. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातले ते देऊळ आजही इतके शाबूत आहे, की ग्रीसमधल्या फार थोड्या देवळांना ते भाग्य लाभले.

या लोहाराचा कसोटीचा प्रसंग एस्किलसच्या नावावर असलेल्या 'बद्ध प्रोमीथिअस' या नाटकात आहे. प्रोमीथिअसला खडकाला खिळायचे आहे. खिळे ठोकायचे कुणी? हिफीस्टसने. त्याच्याच भट्टीतला विस्तव चोरीला गेलेला. पण त्याला राग नाही, कीव येते. तो आपल्या कसबालाच शाप देतो. बाजूला सत्ता आणि बळ उभी आहेत. ही स्टिक्सची तीच मुले. बळ मुकेच असते. सत्ता एकसारखी म्हणते, जोराने ठोक, आणखी ठोक. आणि तो ठोकतो. कसबी हात हुकमाखाली आपल्याच माणसावर कसे उचलले जातात, हे याहून स्पष्ट मी कुठे पाहिले नाही.

आता माझ्या सर्वांत आवडत्या कथेकडे येतो. 'इलियड'च्या एकविसाव्या सर्गात पोसायडन अपोलोला जुनी आठवण देतो. झ्यूसच्या हुकमाने दोघांना ट्रॉयच्या लाओमेडन राजाकडे वर्षभर ठरलेल्या मजुरीवर राबावे लागले. पोसायडनने शहराचा तट बांधला, अपोलोने गुरे राखली. वर्ष भरले, मजुरीचा दिवस आला, तेव्हा राजाने सगळी मजुरी बुडवली. वर धमकी दिली, की हातपाय बांधून दूरच्या बेटांवर विकीन आणि दोघांचे कान कापीन. देव हात हलवीत परत गेले.

श्रोतेहो, मी बांधकाम मजुरांत काम केले आहे. भिंत उभी राहिली, आणि कंत्राटदार म्हणाला, कसली मजुरी, तुम्हाला ओळखतो कोण? असे मजूर माझ्यापुढे बसलेले आहेत. त्यांना ही गोष्ट सांगितली की ते हसत नाहीत. विचारतात, मग पुढे काय झाले? पुढे असे झाले, की पोसायडनने ट्रॉयवर समुद्रातला राक्षस सोडला. त्याला हेराक्लीझने मारले. कबूल केलेले घोडे लाओमेडनने त्यालाही दिले नाहीत, आणि हेराक्लीझने ट्रॉय लुटले. फुकट राबवून घेतलेल्या तटाने शहराचे रक्षण केले नाही.

या मजुरी बुडालेल्या देवाची एक लहानशी ब्राँझची मूर्ती आपल्या कोल्हापुरात आहे. रोमन काळातली ही पोसायडनची मूर्ती विसाव्या शतकाच्या चाळिशीत पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडली. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन जगाशी आपला व्यापार चाले, त्याची ही खूण. कोल्हापूरच्या टाउन हॉलमधल्या संग्रहालयात गेलात तर तिच्यापुढे क्षणभर थांबा.

शेवटी पुन्हा हेसिअडकडे जाऊ. त्याला मी क्रांतिकारक ठरवीत नाही. त्याच्या शेतावर गुलाम होते, आणि राजावर नव्हे तर देवावर त्याचा भरवसा होता. पण त्याचा स्वतःचा एक दावा होता. बापाच्या मिळकतीची वाटणी झाली तेव्हा भाऊ पर्सीझ याने लाच खाणाऱ्या सरदारांना हाताशी धरून जास्त वाटा लाटला. त्या अन्यायातून 'कामे आणि दिवस' जन्मले. त्यात एक ससाणा नखांत धरलेल्या कोकिळकंठी पक्ष्याला म्हणतो, मी बलवान आहे, नेईन तिकडे तुला आले पाहिजे. हेसिअडचे म्हणणे असे, की ससाण्यांचा हा कायदा पशुपक्ष्यांसाठी आहे. माणसाला न्याय दिला आहे. आणि तो सांगतो की कलह एक नाही, दोन आहेत. एक कलह युद्ध पेटवतो. दुसरा शेजाऱ्याचे चांगले शेत पाहून आळशालाही नांगराकडे ढकलतो. काम करण्यात लाज नाही, लाज बसून खाण्यात आहे, असे त्याने भावाला ठणकावले आहे.

मालक लोक हे शेवटचे वाक्य कामगाराला ऐकवतात. पण हेसिअडने ते ऐकवले कुणाला? दुसऱ्याचा वाटा लाटून बसलेल्या भावाला. कामाचा उपदेश काम करणाऱ्याला करायचा नसतो, हे त्या मेंढपाळाला ठाऊक होते. त्याच काव्यात त्याने आणखी एक साधी सूचना दिली आहे. मित्र असला तरी त्याची मजुरी आधी ठरवावी, आणि ठरलेली द्यावी. आणि सख्ख्या भावाशी व्यवहार करतानाही हसतहसत एक साक्षीदार ठेवावा. देवांनासुद्धा लाओमेडनकडे साक्षीदार नव्हता. आपल्या गावात कुणी कुणाकडे राबत असेल, तर ठरलेला दर, लिहिलेला कागद आणि शेजारी उभे राहणारे चार सोबती, एवढे त्याच्यापाशी असावे. ते देणे झ्यूसच्या हातात नाही, आपल्या हातात आहे.